लिव्ह की लिव्हिंग?

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘काका’ म्हणायचे, पण त्यात वयाचा मान कमी आणि खोडी जास्त होती. मिसरूड फुटलं तेव्हाच ते नाव त्यांना चिकटलं. उमेदवारीच्या दिवसांत उस्तादाने काही सांगितलं की हे विचारायचे, “का?” उस्तादाने कारण सांगितलं की त्या कारणावर पुन्हा, “का?” शेवटी उस्ताद वैतागून म्हणाला, “अरे का-का, आधी तो पाना तर धर!” झालं. तेव्हापासून सगळ्यांचे ते काका. त्यांची बायको म्हणायची, “ह्यांच्या तोंडात अक्षरं दोनच, आणि तीही सारखीच.”

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक दोन गल्ल्या सोडून राहायची, बँकेत नोकरीला होती. मुलगा परदेशी गेला, तिथेच रमला आणि तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं. सूनबाईला मराठी येत नव्हतं, काकांना इंग्रजी येत नव्हतं. तशी मोटरवरच्या पाट्या वाचण्यापुरती अक्षरओळख होती, पण पाटीशी कोणी गप्पा मारत नाही.

दर रविवारी मुलाचा फोन यायचा, चेहरे दिसतील असा. सूनबाई शेजारी बसायची आणि बोलायला लागली की चांगली हात हलवून, डोळे मोठे करून बोलायची. मध्येच हसायची. तिचं सगळं बोलून झालं की मुलगा मराठीत सांगायचा, “बरी आहे म्हणते.”

“एवढंच?”

“हो, बाबा.”

“का? एवढा वेळ बोलली, हसली, आणि अर्थ निघाला दोन शब्दांचा? मधलं कुठे गळलं?”

मुलगा हसून विषय बदलायचा. पण काकांना ते गळलेलं काही स्वस्थ बसू देईना. बंद लिफ्टमधून आवाज येतो आहे आणि दार उघडत नाही, तसं त्यांना वाटायचं. शेवटी त्यांनी औषधाच्या दुकानावरच्या माळ्यावर चालणाऱ्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग घेणाऱ्या बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. आता त्या परदेशी नोकरीला जाणाऱ्या नर्सना तयार करायच्या. त्या सगळ्या तरुण मुलींमध्ये काका पहिल्या बाकावर बसायचे. हुशार म्हणून नव्हे. मागून फळा दिसत नव्हता म्हणून.

एका संध्याकाळी बाईंनी फळ्यावर लिहिलं आणि सांगितलं, “बिफोर, आफ्टर, विदाउट, फॉर, ऑफ. ह्या शब्दांच्या पुढे क्रियापद आलं की त्याला आयएनजी लावायचं. बिफोर ईट नाही, बिफोर ईटिंग. विदाउट आस्क नाही, विदाउट आस्किंग.”

“का?” काका म्हणाले.

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाई म्हणाल्या, “काका, नियम आहे तसा.”

“नियम आहे हे कळलं, बाई. पण नियम का आहे?”

बाईंनी खडू खाली ठेवला. त्यांना राग आला असावा असं सगळ्यांना वाटलं. पण त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं शिकवते आहे. मीही कधी विचारलं नाही. उद्या सांगते.”

दुसऱ्या दिवशी त्या खरंच तयारीने आल्या. म्हणाल्या, “हे बघा. ह्या शब्दांच्या पुढची जागा नामाची आहे. बिफोर डिनर, विदाउट वॉटर, असं चालतं. तिथे क्रियापदाला बसायचं असेल, तर त्याने आधी नाम व्हायचं. ईट म्हणजे खा. ईटिंग म्हणजे खाणं. खाणं हे नाम झालं, त्याला जागा मिळाली.”

काकांना तो दिवस सणासारखा गेला. दुसऱ्या दिवसापासून ते गावभर आयएनजी शोधत सुटले. दातांच्या दवाखान्याच्या दारावर ‘बिफोर एंटरिंग’ फोन बंद करा म्हणून लिहिलेलं होतं. खोकल्याच्या बाटलीवर ‘आफ्टर ओपनिंग’ होतं. आणि कमाल म्हणजे यंत्रखोलीतल्या ज्या लोखंडी पेटीला ते वर्षानुवर्षं तेलपाणी करत आले होते, तिच्या झाकणावरच ठळक लाल अक्षरांत होतं, ‘बिफोर ओपनिंग’ वीज बंद करा. काकांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि स्वतःशीच म्हणाले, “इतके दिवस डोळे काय गहाण ठेवले होते?”

आता हे इंग्रजी सूनबाईवर आजमावायचं त्यांनी ठरवलं. रविवार आला. ह्या वेळी काकांनीच फोन लावला. मुलगा आंघोळीला गेला होता, तो तिनेच उचलला. काकांनी मान ताठ केली. हवापाणी झालं, तब्येत झाली. तिनेही शहाणपणाने सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायला सुरुवात केली. मग तिने विचारलं, तुम्हाला एकटं एकटं वाटत नाही का?

वाक्य कळलं ह्याचाच काकांना इतका आनंद झाला की त्यातल्या दुःखाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. उत्तर तर तयारच होतं. मधल्या एका दिवशी लिफ्ट अडकल्यामुळे त्यांचा वर्ग बुडला होता. त्या दिवशी काय शिकवून झालं म्हणून नंतर विचारल्यावर शेजारच्या बाकावरची नर्स घाईघाईत म्हणाली होती, “यूज्ड टू झालं. म्हणजे सवय.” आणि ‘टू’च्या पुढे साधं क्रियापद येतं, टू गो, टू ईट, हे तर त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन्ही सुटे भाग जोडून काका ऐटीत म्हणाले, “नो, नो! आय यूज्ड टू लिव्ह अलोन!”

सूनबाईचे डोळे मोठे झाले. “ओह! अँड नाऊ?”

म्हणजे आता कसं वाटतं, असं विचारते आहे, काकांनी ताडलं. “नाऊ व्हेरी हॅपी!”

तिने टाळी वाजवली. छातीवर हात ठेवून ती काहीतरी भराभर बोलली आणि डोळे पुसायला लागली. आपलं इंग्रजी इतकं काळजाला भिडेल असं काकांना वाटलं नव्हतं. ते खुशीत राहिले.

सोमवारी सकाळी ते दाढी करत होते, तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली आणि लेक आत आली. बँकेचा वार, बँकेची वेळ, आणि ही इथे. तिने पर्स टेबलावर ठेवली, पण बसली नाही. स्वयंपाकघरात डोकावली. न्हाणीघरात डोकावली, तिथला दात घासायचा एकुलता एक ब्रश उचलून पाहिला आणि परत ठेवला. मग खिडकीशी थांबली.

“हे पडदे नवे दिसतात, बाबा.”

“जुने विटले होते.”

“निवडले कोणी?”

“दुकानदाराने. मला रंगातलं काय कळतं?” काका अर्ध्या गालाला फेस लावून तिच्याकडे बघत होते. “का गं? झालं काय?”

“ते तुम्हीच सांगायचं.” लेकीचा आवाज चढला. “जगाला सांगता, मला नाही सांगत? कोण आहे ती?”

“कोण ती?”

“बाबा, मी काही कुकुलं बाळ नाही. दादाचा फोन आला होता. वहिनीला तुम्ही तुमच्या तोंडाने सांगितलंत, की आता तुम्ही एकटे राहत नाही आणि फार सुखात आहात. ती तर तिथे आनंदाने नाचते आहे. ती इंग्रजीवाली बाई आहे ना? तरी मी म्हणतच होते, ह्या वयात रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून—”

“अगं थांब, थांब!” काकांनी वस्तरा खाली ठेवला. “मी इतकंच म्हणालो, आय यूज्ड टू लिव्ह अलोन. मला एकटं राहायची सवय आहे.”

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. “काय म्हणालात? परत म्हणा.”

काकांनी परत म्हटलं. लेकीने कपाळावर हात मारला आणि मट्कन खुर्चीत बसली.

“बाबा, त्याचा अर्थ, मी पूर्वी एकटा राहायचो! म्हणजे आता नाही राहत!”

“आणि नाऊ व्हेरी हॅपी,” काका हळूच म्हणाले.

“हेही म्हणालात?”

“तिने विचारलं म्हणून.”

लेक हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला. काका पाणी आणायला गेले. परत येऊन पाहतात तर तिचे डोळे भरलेले. हसण्याने भरले असतील म्हणून त्यांनी पेला पुढे केला, पण तिने तो घेतला नाही.

“ध चा मा केलात तुम्ही,” ती म्हणाली. “काल ऐकलं तेव्हा आधी आग लागली नुसती. आईच्या जागी कोण आणून बसवली, असं झालं. मग नंतर, खरं सांगू? जरा बरं वाटलं. म्हटलं, चला, चहा घेताना समोर कोणीतरी असतं बाबांच्या.”

“आणि आता?”

“आता परत काळजी.” तिने डोळे पुसले, घड्याळ बघितलं. “तोंड धुवा. अर्धी दाढी तशीच आहे.”

त्या संध्याकाळी काका वर्ग सुरू व्हायच्या आधीच माळ्यावर जाऊन उभे राहिले. घडलेलं सगळं त्यांनी सांगितलं, फक्त इस्त्रीच्या शर्टाचा भाग गाळला. बाई हसल्या नाहीत, म्हणजे हसू दाबलं त्यांनी. म्हणाल्या, “चूक तुमची एकट्याची नाही. ‘टू’ दोन आहेत, काका. दिसायला सारखेच. एका ‘टू’च्या पुढे साधं क्रियापद लागतं. दुसरा ‘टू’ मात्र बिफोर, विदाउट ह्यांच्या जातीचा. त्याला नाम लागतं. सवय आहे म्हणायचं, तर तो दुसरा ‘टू’. आय अॅम यूज्ड टू लिव्हिंग अलोन.”

“म्हणजे आधी अॅम आणि नंतर आयएनजी.”

“बरोबर. ती दोन्ही गेली, की सवय जाते आणि आठवण उरते.”

काकांना दोन सारख्या दिसणाऱ्या खटक्यांचा अनुभव होता. चुकीचा बसवला तर लिफ्ट वर जायच्या जागी खाली जाते. त्यामुळे चूक पटली. पण एवढ्याशा शेपटाने माणसाचा संसार मांडता येतो आणि मोडता येतो, ह्याचं नवल काही त्यांच्या मनातून जाईना.

येत्या रविवारी चूक निस्तरायची होती. आठवडाभर यंत्रखोलीत दोरांना वंगण लावताना त्यांनी नवं वाक्य घोकलं. मोटरच्या घरघरीत कोणाला ऐकू जायचं नाही. आय अॅम यूज्ड टू लिव्हिंग अलोन. मला एकटं राहण्याची सवय आहे. म्हणता म्हणता वाक्य जिभेवर बसलं, आणि जिभेवर बसल्यावर त्यांच्या त्या जुन्या खोडीने डोकं वर काढलं. हे वाक्य बरोबर आहे, पण खरं आहे का?

त्या दिवसापासून ते स्वतःवरच नजर ठेवायला लागले, एखाद्या कुरकुरणाऱ्या दारावर ठेवावी तशी. तेव्हा एकेक दिसायला लागलं. बाहेर पडताना ते रेडिओ चालू ठेवून जात. परतल्यावर घरात आवाज असावा म्हणून. सकाळी उठले की दार अलगद ओढून घेत, कोणाची झोप मोडू नये म्हणून. कोणाची? पलंगाच्या कडेलाच झोपत, भिंतीकडची बाजू मोकळी. सवय तर होती, पण ती एकटं राहण्याची नव्हती.

रविवारी फोन लागला. मुलगा हसत होता, त्याला बहिणीकडून सगळं कळलेलं होतं. सूनबाईचा चेहरा मात्र पडलेला. आपण भलताच आनंद केला म्हणून ती ओशाळली होती. काकांनी घसा साफ केला. घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं. मग त्यांनी त्यात एक शब्द जास्तीचा घातला.

“आय अॅम नॉट यूज्ड टू लिव्हिंग अलोन.”

मुलाचं हसू मावळलं. तो काही बोलणार, तेवढ्यात सूनबाई पुढे झुकली. तिने काहीतरी मनात जुळवलं आणि एकदम मराठीत म्हणाली, “बाबा, आम्ही येणार. आम्ही येणे आधी, मी फोन करते.”

काकांनी फोन डोळ्यांजवळ आणला. “तू मराठी शिकतेस?”

“थोडं. तुम्ही इंग्रजी शिकतात. मग मी पण.”

“शाब्बास! पण येणे आधी नाही. येण्याआधी.”

“येण्या?” तिने भुवया उंचावल्या. “व्हाय? वर्ब इज येणे. येणे, खाणे, जाणे. व्हाय येण्या?”

काकांनी जन्मभर हा शब्द वापरला होता, पण त्याला ‘ण्या’ कुठून लागतो हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. शेवटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ते उत्तर दिलं, जे ऐकून ते स्वतः नेहमी चिडायचे. “तसंच म्हणतात.”

मुलगा पलीकडे खो खो हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी बाई अजून जिन्यातच होत्या, तर काकांनी त्यांना गाठलं. “बाई, घराआधी, पाण्याशिवाय, तसंच येण्याआधी, खाण्याशिवाय. म्हणजे आपल्याकडेही ती जागा नामाचीच ना?”

“नामाचीच. ‘घर’चं ‘घरा’ होतं, ‘पाणी’चं ‘पाण्या’ होतं, ‘येणे’चं ‘येण्या’ होतं. मराठीत तो शब्द मागून चिकटतो आणि नामाचं रूप बदलून टाकतो, इंग्रजीत तो नामाच्या आधी सुटा उभा असतो, इतकाच फरक.” मग बाई पायरीवर थांबल्या. “पण हे दोन्ही असं शेजारी ठेवून मीही पहिल्यांदाच बघते आहे.” त्या दिवशी वर्गात त्यांनी फळ्यावर दोन्ही भाषा समोरासमोर लिहिल्या, आणि नर्सनी ते उतरवून घेतलं.

पुढे काही महिन्यांनी सूनबाई आली. मुलाला अजून रजा मिळायची होती, म्हणून ती एकटीच आधी आली. काका पाचव्या मजल्यावर राहायचे. त्या इमारतीची लिफ्ट त्यांच्याच हाताखालची. त्यांनी ती आदल्या दिवशी आरशासकट घासूनपुसून ठेवली होती. सूनबाईने खाली त्यांना मिठी मारली, बॅग लिफ्टमध्ये ठेवली, पाच नंबरचं बटण दाबलं आणि स्वतः पटकन बाहेर आली. दार मिटलं. बॅग ऐटीत वर गेली आणि सूनबाई जिना चढायला लागली.

काका तिच्या मागोमाग धापा टाकत चढले. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी विचारलं, “का गं?”

ती कठड्याला धरून थांबली. “आय अॅम अफ्रेड ऑफ फॉलिंग.”

‘ऑफ’, मग ‘फॉलिंग’. अगदी नियमाप्रमाणे, काकांच्या मनात आलं. आणि मग त्या शब्दांचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला, आणि नियम आधी दिसला ह्याची त्यांना लाज वाटली. पोरगी पडायला घाबरत होती. लहानपणापासूनच, ती म्हणाली. तिच्या ऑफिसातही ती जिन्यानेच जायची.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर काका तिला गच्चीवरच्या यंत्रखोलीत घेऊन गेले. आत तेलाचा वास होता. मधोमध मोटर, तिच्या शेजारी माणसाच्या कमरेइतकी मोठी कप्पी, आणि तिच्यावरून खाली काळोखात उतरणारे पोलादी दोर. सूनबाई दाराशीच उभी राहिली.

काकांनी ब्रेकवर हात ठेवला. मोटरच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरून बसलेले ते दोन जबडे होते. त्यांना सांगायचं होतं ते मराठीत दोन वाक्यांत झालं असतं. पण मराठी तिच्यापर्यंत निम्मंच पोचलं असतं, म्हणून ते एकेक शब्द निवडत इंग्रजीतच बोलले. वीज असते, तेव्हाच हा ब्रेक उघडतो. विदाउट ओपनिंग ब्रेक, नो गोइंग. वीज गेली, की हा आपोआप मिटतो. आफ्टर क्लोजिंग, लिफ्ट स्टॉप. लोकांना वाटतं की वीज लिफ्टला धरून ठेवते आणि ती गेली की लिफ्ट पडते. उलट आहे. वीज लिफ्टला सोडते. धरणं हीच तिची मूळची सवय.

“नॉट फॉलिंग,” ते म्हणाले. “होल्डिंग.”

सूनबाई दोन पावलं आत आली. वाकून तिने ते जबडे पाहिले. मग विचारलं, आणि दोर तुटला तर? काकांनी बाकीचे दोर दाखवले. एक पुरेसा असताना इतके कशाला ठेवले ते सांगितलं. आणि सगळेच तुटले तर? मग काकांनी ती छोटी कप्पी दाखवली, जी वेग वाढला की लिफ्टखालच्या चिमट्यांना रुळावर आवळायला लावते. आणि ते चिमटे बिघडले तर? काका मनातून फुलून गेले. इतक्या वर्षांत यंत्रखोलीत येऊन कोणी त्यांना असं खनपटीला बसून विचारलं नव्हतं. त्यांनी जबडे हाताने उघडायची विळ्यासारखी वाकलेली कळ ओढून दाखवली, रिकामी लिफ्ट चालू असताना वीज तोडून दाखवली. जबडे खाडकन मिटले तेव्हा ती दचकली आणि मग म्हणाली, “परत करा.” त्यांनी परत केलं.

बऱ्याच वेळाने ती हात पुसत उठली. “बाबा, मी जाते. एकटी.”

“मी येतो बरोबर.”

“नको. तुम्ही इथे बघा. मी आत.”

ती वरच्या मजल्यावर उतरली. काकांनी दार मिटल्याचा आवाज ऐकला. खटका पडला, जबडे उघडले आणि दोर सरकायला लागले. काका कप्पीवर नजर खिळवून उभे होते. आपण हे यंत्र आयुष्यभर ऐकत आलो, पण त्यात कोण बसलंय म्हणून श्वास रोखून कधी ऐकलं नव्हतं, असं त्यांना वाटलं. लिफ्ट तळाला पोचली. दार उघडलं. आता ती जिन्याने येणार, काकांनी मनाशी धरलं.

दार मिटलं. दोर उलटे सरकायला लागले. लिफ्ट वर आली, पण तिच्यातून कोणी उतरलं नाही, आणि ती पुन्हा खाली निघाली. मग तिसऱ्या मजल्यावर थांबली, परत वर, परत तळाला. एखाद्या लहान मुलाच्या हाती झोका लागावा तसं चाललं होतं. मध्येच दोरांच्या फटीतून, खोल खालून, तिचं हसू वर आलं.

थोड्या वेळाने तळमजल्यावरून कोणीतरी ओरडलं. “अहो, लिफ्ट कोणी अडवून ठेवली आहे? आम्ही किती वेळ उभे आहोत!”

काका गच्चीच्या दारातून जिन्यात वाकले आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरून म्हणाले, “तपासणी चालू आहे! आज जिन्याने या!”